तेलावरचे बेट : सायप्रसचे वासिलिकोस विद्युत केंद्र आणि राष्ट्रीय वीजपुरवठा

प्रस्तावना

विद्युतनिर्मितीचा विषय निघाला की आपल्याकडे कोळसा, जलशक्ती, अणुशक्ती आणि अलीकडे सौरऊर्जा यांची चर्चा होते. खनिज तेलाचे नाव त्यात क्वचितच येते. भारतातील कोळशावरच्या केंद्रांमध्ये फर्नेस ऑइल वापरले जाते. पण ते मुख्यतः बाष्पक पेटवण्यासाठी आणि कमी भारावर ज्योत टिकवण्यासाठी, म्हणजे चुलीला काडी लावावी तितपत. जागतिक पातळीवरही तेलाचे हे स्थान उतरलेलेच आहे. १९७३ साली जगातील सुमारे एकचतुर्थांश वीज तेलापासून तयार होत होती. त्या वर्षीच्या तेलसंकटानंतर मोठ्या राष्ट्रांनी कोळसा, अणुशक्ती व नैसर्गिक वायू यांचा आश्रय घेतला आणि आज तेलाचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी उरला आहे.

परंतु जागतिक सरासरीत काही अपवाद झाकले जातात. जेथे नदी नाही, कोळसा नाही, वायूची नळवाहिनी पोचत नाही आणि शेजारी देशाची वीजवाहिनीही येत नाही, अशा बेटांवर तेल हाच वीजपुरवठ्याचा कणा राहिला. पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील वासिलिकोस हे केंद्र देशातील सर्वांत मोठे. ११ जुलै २०११ रोजी ते काही क्षणांत निकामी झाले. एका केंद्राच्या नुकसानीने एका सार्वभौम राष्ट्राचा पाणीपुरवठा, अर्थव्यवहार आणि राजकारण कसे हलते, याचा जणू प्रयोगच त्या दिवशी घडला. तेल ज्या गुणांमुळे बेटाला सोयीचे ठरते, त्याच गुणांतून बेटाची असुरक्षितता कशी निर्माण होते, हे या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

लहान वीजजाळे आणि तेलाची सोय

सायप्रसचे एकूण क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे हे बेट सातारा जिल्ह्याहून थोडे लहानच. २०११ च्या जनगणनेनुसार प्रजासत्ताकाच्या नियंत्रणाखालील भागाची लोकसंख्या सुमारे ८ लाख ४० हजार होती. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे व पर्यटकांची गर्दी यांमुळे विजेची मागणी शिखराला पोचते. २०१० च्या सुमारास हे शिखर अकराशे मेगावॅटच्या घरात होते. त्याच सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या राष्ट्रीय वीजजाळ्याचा आकार किती छोटा आहे याची कल्पना येते.

वीजजाळ्याचा आकार लहान असला की केवळ आकडे लहान होतात असे नाही, तर तांत्रिक नियमच अधिक कठोर होतात. वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येत नाही. ज्या क्षणी मागणी असेल त्याच क्षणी तेवढी निर्मिती व्हावी लागते. हा तोल साधला आहे की नाही, हे वारंवारितेवरून कळते. ती ५० हर्ट्झच्या आसपास टिकली पाहिजे. एखादा संच अचानक बंद पडला तर उरलेल्या जनित्रांवर भार पडून त्यांची गती मंदावते व वारंवारिता घसरते. ती फार घसरली तर यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप जाळ्यातून बाहेर पडतात आणि पाहता पाहता सर्वत्र अंधार होतो. हे टाळण्यासाठी काही संच मुद्दाम पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भारावर चालवून फिरती राखीव क्षमता ठेवावी लागते. तीही अपुरी पडल्यास काही भागांचा पुरवठा तात्काळ तोडला जातो.

भारतासारख्या विशाल जाळ्यात २०० मेगावॅटचा एक संच बंद पडणे ही दैनंदिन घटना आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली, दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण देश एकाच वारंवारितेवर चालू लागला. तेव्हापासून चंद्रपुरातील एखाद्या संचाची उणीव तामिळनाडूतील जनित्रही अंशतः भरून काढते. हजार मेगावॅटच्या एकाकी जाळ्यात मात्र २०० मेगावॅट गमावणे म्हणजे पाचपैकी एक खांब काढून घेणे. म्हणूनच बेटावर ५०० किंवा ६६० मेगावॅटचे प्रचंड संच बसवता येत नाहीत. कोळशाची आणि अणुशक्तीची किफायत मोठ्या आकारात असते आणि बेटाला नेमका तोच आकार परवडत नाही.

तेलाचे तसे नाही. ते लहान संचांतही जाळता येते. जहाजातून येते, टाक्यांत महिनोन्महिने साठते, त्यासाठी शेकडो एकरांची कोळसा-आवारे वा राखेचे तलाव लागत नाहीत. ब्रिटिश राजवटीत १९५२ साली सायप्रस विद्युत प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हापासून बेटाने याच मार्गाने वाटचाल केली. धेकेलिया येथे पहिले मोठे केंद्र उभे राहिले. त्यानंतर लिमासोलजवळ मोनी येथे दुसरे. धेकेलियाची एक गंमत भूगोलाच्या अभ्यासकांना ठाऊक असेल. हे केंद्र ब्रिटनने स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे ठेवलेल्या लष्करी प्रदेशाने वेढलेले आहे आणि मधून जाणाऱ्या ब्रिटिश हद्दीतील रस्त्यामुळे त्याचे दोन तुकडे झाले आहेत. राष्ट्राच्या वीजपुरवठ्याचा एक आधार परकीय प्रदेशाच्या कुशीत, अशी ही स्थिती आजही आहे.

वासिलिकोसची रचना

लिमासोल आणि लार्नाका या दोन शहरांच्या दरम्यान, दक्षिण किनाऱ्यावर वासिलिकोस केंद्राची उभारणी झाली. २००० सालापासून तेथील संच टप्प्याटप्प्याने कार्यान्वित होत गेले. प्रत्येकी १३० मेगावॅटचे तीन बाष्प संच, ३८ मेगावॅटची एक वायू टर्बाइन आणि प्रत्येकी २२० मेगावॅटचे दोन संयुक्त चक्राचे संच मिळून त्याची क्षमता ८६८ मेगावॅट होते.

बाष्प संचांत जळते ते जड इंधन तेल, म्हणजे तेलशुद्धीकरणात पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यानंतर तळाशी उरणारा दाट काळा अवशेष. सामान्य तापमानाला तो इतका घट्ट असतो की टाकीतच तापवल्याशिवाय नळातून वाहत नाही, आणि बाष्पकात फवारण्यापूर्वी पुन्हा तापवावा लागतो. स्वस्तपणा हे त्याचे मुख्य आकर्षण. त्याबदल्यात गंधकाचे प्रमाण अधिक, धूर अधिक आणि नळ्यांवर बसणारे क्षारांचे थर काढण्याचे कामही अधिक.

संयुक्त चक्राच्या संचांची कथा अधिक उद्बोधक आहे. यांत प्रथम वायू टर्बाइन चालते आणि तिच्या उष्ण उत्सर्गावर वाफ तयार करून दुसरे टर्बाइन फिरवले जाते. त्यामुळे इंधनातील सुमारे निम्मी ऊर्जा विजेत रूपांतरित होते. ही यंत्रे मुळात नैसर्गिक वायूसाठी योजलेली. वायू लवकरच आयात होईल या अपेक्षेने सायप्रसने ती उभारली; पण वायू आला नाही. परिणामी उत्तम प्रतीची यंत्रे महागड्या डिझेलवर चालवावी लागली. महाराष्ट्रातील वाचकाला येथे दाभोळची आठवण होणे स्वाभाविक आहे. दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली नाफ्त्यावर सुरू झाला, वायूची सोय दुसऱ्या टप्प्यात व्हायची होती, आणि महागड्या विजेच्या वादात २००१ मध्ये तो बंद पडला. महाराष्ट्रापुढे निदान दाभोळची वीज नाकारण्याचा पर्याय होता. सायप्रसला तोही नव्हता.

वासिलिकोसच्या उभारणीमुळे जुनी व अकार्यक्षम यंत्रे निवृत्त करता आली आणि एकूण कार्यक्षमता सुधारली. परंतु त्याबरोबरच २०११ पर्यंत देशाच्या निम्म्याहून अधिक विजेचा भार एकाच आवारावर आला. आर्थिकदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय होता. एक बंदर, एक तेलसाठा, एक कर्मचारीवर्ग यांत बचत असते. तथापि राखीव क्षमतेची गणना करताना नियोजनकार सामान्यतः एक संच बंद पडण्याचा विचार करतात. सर्वच संच एकाच वेळी जातील, हे त्या गणितात बसत नाही.

११ जुलै २०११

विद्युत केंद्रापासून काही शे मीटरवर इव्हांगेलोस फ्लोराकिस हा नौदलाचा तळ आहे. जानेवारी २००९ मध्ये इराणहून सीरियाकडे निघालेले 'मोंचेगोर्स्क' हे सायप्रसचा ध्वज लावलेले मालवाहू जहाज संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांचा भंग केल्याच्या कारणावरून रोखण्यात आले. त्यावरील स्फोटक दारूगोळ्याचे ९८ कंटेनर सायप्रसने उतरवून घेतले आणि या तळावर उघड्यावर रचून ठेवले. ते परत करावेत, नष्ट करावेत की अन्य देशाच्या स्वाधीन करावेत, हा राजनैतिक पेच सुटेना. दोन वर्षांहून अधिक काळ भूमध्य प्रदेशाच्या कडक उन्हात ते तसेच तापत राहिले.

११ जुलैच्या पहाटे तेथे आग लागली आणि सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. नौदलप्रमुख, तळाचे प्रमुख अधिकारी, नौसैनिक आणि आग विझवण्यास गेलेले अग्निशामक दलाचे जवान अशा १३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ६२ जण जखमी झाले. धक्क्याच्या लाटेने शेजारच्या विद्युत केंद्राच्या इमारतींची आवरणे फाडून काढली, पोलादी सांगाडे वाकले, बाष्पक व नियंत्रण यंत्रणा निकामी झाल्या. बेटाच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला.

राजकीय परिणाम तातडीने उमटले. संरक्षणमंत्री व नॅशनल गार्डचे प्रमुख यांनी राजीनामे दिले; काही दिवसांनी परराष्ट्रमंत्रीही पायउतार झाले. विधिज्ञ पोलिस पोलिविऊ यांच्या चौकशी अहवालाने ऑक्टोबर २०११ मध्ये प्रमुख जबाबदारी राष्ट्राध्यक्ष दिमित्रिस ख्रिस्तोफियास यांच्यावर ठेवली. त्यांनी ते निष्कर्ष अमान्य केले. वीजपुरवठ्याच्या दृष्टीने येथे एवढेच नोंदवणे पुरेसे आहे की, या आपत्तीचे कारण ना इंधनात होते ना यंत्रात. ऊर्जासुरक्षेच्या चर्चेत तेलाच्या किमती आणि सागरी मार्ग यांचा ऊहापोह होतो. शेजारच्या कुंपणापलीकडे काय रचून ठेवले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अंधारातील उन्हाळा

ही घटना जुलैमध्ये, म्हणजे मागणीच्या ऐन भरात घडली. उरलेल्या धेकेलिया व मोनी या केंद्रांवर सर्व भार आला आणि पाळीपाळीने भारनियमन सुरू झाले. महाराष्ट्रातील जनतेला भारनियमनाचे वेळापत्रक नवे नाही; परंतु युरोपीय संघाच्या सदस्य राष्ट्रात, पर्यटनाच्या हंगामात, दररोज काही तास वीज जाणे ही असाधारण बाब होती.

विजेमागोमाग पाण्याचा प्रश्न उभा राहिला. सायप्रस हा कमी पावसाचा प्रदेश आहे. २००८ च्या दुष्काळात ग्रीसहून टँकर जहाजांनी पाणी आणावे लागले होते. त्यानंतर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवरचे अवलंबन वाढले आणि हे प्रकल्प विजेचे मोठे ग्राहक असतात. वीज वाचवण्यासाठी त्यांचे काम कमी करावे लागले. तेलाची वीज आणि विजेचे पाणी, अशी ही साखळी होती. तिचे पहिले कडे तुटताच पुढचीही सैल झाली.

सर्वांत लक्षणीय घटना मात्र बेटाच्या विभाजनरेषेवर घडली. १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईनंतर बेटाचे दोन भाग झाले, तरी उत्तरेकडील भागाला पुढे सुमारे दोन दशके दक्षिणेतूनच वीज जात राहिली आणि तिचे देयक वसूल होत नव्हते. १९९० च्या दशकात उत्तरेत तेक्नेचिक येथे तेलावरचे स्वतंत्र केंद्र सुरू झाल्यावर हा प्रवाह थांबला. जुलै २०११ मध्ये तो उलट्या दिशेने सुरू झाला. दक्षिणेने उत्तरेकडून वीज विकत घेतली. ज्या प्रशासनाला मान्यता नाही त्याच्याशी करार कसा करावा, ही अडचण दोन्ही बाजूंच्या व्यापारी मंडळांच्या मध्यस्थीने सोडवण्यात आली. दक्षिणेत या व्यवहारावर टीकाही झाली. तरीही सदतीस वर्षांच्या वाटाघाटींना जे साधले नव्हते, ते वातानुकूलनाच्या गरजेने काही महिन्यांपुरते साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

याशिवाय परदेशांतून भाड्याने जनित्रे आणून बसवण्यात आली आणि त्यांच्या खर्चासाठी ग्राहकांच्या बिलावर तात्पुरता अधिभार लावण्यात आला. याच महिन्याच्या अखेरीस मूडीज या संस्थेने सायप्रसचे पतमानांकन घटवले आणि त्यामागील कारणांत या स्फोटाचा स्पष्ट उल्लेख केला. मार्च २०१३ मधील बँकसंकटाचे मूळ ग्रीक कर्जरोख्यांत होते, विजेत नव्हते; त्यामुळे त्या संकटाचे खापर वासिलिकोसवर फोडणे योग्य नाही. मात्र आधीच दुबळ्या झालेल्या अर्थव्यवस्थेला हा धक्का अत्यंत वाईट वेळी बसला, हे नाकारता येत नाही.

केंद्राची दुरुस्ती अपेक्षेपेक्षा वेगाने झाली. संयुक्त चक्राचे संच २०१२ च्या उन्हाळ्यापासून एकेक करून जाळ्याशी जोडले गेले. बाष्प संच २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. दुरुस्ती अर्थातच त्याच जागी झाली. बंदर, टाक्या, उपकेंद्र व वाहिन्या तेथेच असल्याने केंद्र अन्यत्र हलवणे व्यवहार्य नव्हते.

तेलापासून सुटका का होत नाही?

स्फोटानंतर पाच महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, सायप्रसच्या दक्षिणेकडील समुद्रात 'अफ्रोदिती' या वायूसाठ्याचा शोध जाहीर झाला. आता तेलाचे दिवस संपले, असा आनंद तेव्हा व्यक्त झाला. पुढे कॅलिप्सो, ग्लाफकोस, क्रोनोस हे आणखी साठे सापडले. परंतु सायप्रसची स्वतःची गरज इतकी लहान आहे की केवळ तिच्यासाठी खोल समुद्रातून नळवाहिनी आणणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. म्हणून हा वायू इजिप्तकडे नेण्याच्या योजना आखल्या गेल्या. द्रवरूप वायू आयात करण्यासाठी वासिलिकोस येथेच धक्का बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. मात्र कंत्राटदार समूहाशी वाद होऊन जुलै २०२४ मध्ये तो करार संपुष्टात आला. लहान आकार येथेही आडवा आला.

दुसरा मार्ग समुद्रतळावरून केबल टाकण्याचा. माल्टा हेही तेलावर अवलंबून असलेले बेट होते. २०१५ मध्ये ते सिसिलीशी केबलने जोडले गेले आणि २०१७ मध्ये तेथील देलिमारा केंद्रात वायू आला. क्रीट बेट २०२१ मध्ये ग्रीसच्या मुख्य भूमीशी जोडले गेले, २०२५ मध्ये दुसरी मोठी केबल सुरू झाली. सायप्रस ते क्रीट हे अंतर मात्र मोठे आहे. सुमारे ९०० किलोमीटरची केबल काही ठिकाणी तीन हजार मीटर खोलीवरून न्यावी लागणार. खर्चाची वाटणी आणि तुर्कस्तानचा सागरी हद्दीविषयीचा आक्षेप या दोन अडथळ्यांमुळे हा प्रकल्प २०२५ पर्यंत रखडतच राहिला. परिणामी युरोपीय संघात शेजारच्या कोणत्याही सदस्य राष्ट्राशी विजेने न जोडलेला सायप्रस हा एकमेव देश उरला आहे. युरोपीय कार्बन बाजारातील सवलती टप्प्याटप्प्याने संपल्याने तेल जाळण्याची किंमतही वाढली असून ती इंधन समायोजनाच्या रूपाने बिलात उतरते. भारतातील वीजग्राहकालाही हा आकार परिचित आहे.

तिसरा मार्ग सूर्याचा. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस ऊन असलेल्या या देशात छपरांवर सौर पट्टिका मोठ्या प्रमाणावर बसल्या आहेत आणि नवीकरणीय स्रोतांचा वाटा सुमारे एकपंचमांशावर गेला आहे. पण मार्च-एप्रिलमधील आल्हाददायक दुपारी, जेव्हा ना तापवण्याची गरज ना गारव्याची, मागणी अगदी खाली येते आणि सौरवीज उतू जाते. अशा वेळी तेलावरचे सर्व संच बंद करावेत, असे कोणालाही वाटेल. ते करता येत नाही. जाळ्याची वारंवारिता स्थिर ठेवण्यासाठी फिरत्या जनित्रांचे जडत्व हवे असते, आणि सूर्य मावळताच दोन-तीन तासांत मागणीचा सारा भार पुन्हा उचलावा लागतो. थंड बाष्पक इतक्या लवकर तापत नाही. म्हणून वासिलिकोसचे काही संच किमान भारावर तेल जाळीत चालू ठेवले जातात आणि त्यांना जागा करून देण्यासाठी विद्युत प्राधिकरण सौर प्रकल्पांना, प्रसंगी घरांच्या छपरांवरील यंत्रणांनाही, निर्मिती थांबवण्याचे आदेश देते. शेजारी इजिप्त किंवा इस्रायलपर्यंत केबल असती, अथवा पुरेशा क्षमतेच्या बॅटऱ्या असत्या, तर ही वीज वाया गेली नसती. सध्या मात्र दुपारच्या लख्ख उन्हात सौर पट्टिका बंद राहतात आणि त्याच वेळी वासिलिकोसच्या धुराड्यातून धूर निघत असतो.